गोधडीतली भुते

व्हिडिओ गेम हा शब्द ऐकला की आमच्या वयाच्या वाचकांच्या कपाळाला आठी पडते. डोळ्यांसमोर येतो तो जेवणाचे ताट बाजूला सारून बंदुकांचे आवाज ऐकत बसलेला नातू. म्हणून आधीच सांगून टाकलेले बरे की आज आम्ही ज्यांच्याविषयी लिहिणार आहोत ते खेळ त्या जातीचे नव्हेत. यांत कोणाला मारायचे नसते, कोणाच्या पुढे धावायचे नसते. बाहेर पाऊस पडत असतो, आत दिवा लावलेला असतो, टेबलावर एखादी जुनी पेटी किंवा पत्र असते, आणि या घरात काहीतरी बरोबर नाही एवढे मात्र आपल्याला कळलेले असते. काय बरोबर नाही ते शोधून काढायचे. पेटीला चोरकप्पे असतात, पत्रात खुणा असतात, भिंतीवरच्या चित्रात आकडे लपलेले असतात. अंगावर शहारा येतो, पण हातातला चहा सांडत नाही. अशा खेळांना इकडची मुले 'कोझी' म्हणतात आणि त्याच दमात 'ईरी' असेही म्हणतात. पहिल्याला आपण उबदार म्हणू. दुसऱ्याला मराठीत नेमका एक शब्द आम्हाला सापडला नाही. तिन्हीसांजेला विहिरीपाशी एकटे उभे राहिल्यावर जे वाटते ते, असे म्हणावे.

आम्ही चाळीस वर्षे परिचारिकेचे काम केले. शाळा माझगावची, सर एली कदूरी, नर्सिंगही मुंबईतच. 2002 साली आयर्लंडला परदेशी नर्सेस हव्या होत्या तेव्हा इकडे आलो आणि 2024 साली गॉलवेत निवृत्त झालो. त्याच्या आदल्या वर्षी आमचे यजमान गेले. आयुष्यभर रात्रपाळ्या केलेल्या देहाला रात्री दहाची झोप ठाऊक नसते. दोन वाजले की डोळे टक्क उघडे, आणि राउंड घ्यायला वॉर्ड नाही. लेक कॉर्कला असते. तिने आपला जुना टॅब आणून दिला, त्यात एक खेळ घालून दिला आणि म्हणाली, "आई, एकटीने पत्ते मांडत बसण्यापेक्षा हे बरे." आता तीच फोनवर विचारते, "आई, मध्यरात्री ही भुताटकी पाहून तुला झोप तरी कशी लागते?" हा लेख म्हणजे तिला द्यायचे राहिलेले उत्तर समजावे.

तो पहिला खेळ म्हणजे 'द रूम'. इंग्लंडात गिलफर्ड येथील फायरप्रूफ गेम्स या मंडळींनी 2012 साली तो काढला. एक अंधारी खोली, मधोमध एक भलीमोठी तिजोरी, तिच्यावर एक पत्र. माणूस एकही दिसत नाही. एक चमत्कारिक भिंग मिळते. ते डोळ्याला लावले की लाकडावर पुसट झालेली अक्षरे दिसू लागतात. किल्ली बोटाने धरून फिरवायची, कप्पा बोटाने ओढायचा, आणि प्रत्येक वेळी आत कुठेतरी पितळेचे दात एकमेकांत बसल्याचा आवाज येतो. मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली वर्षानुवर्षे स्वतःजवळ बाळगलेल्या बाईला त्या आवाजात काय सुख मिळाले ते इतरांना सांगून पटणार नाही. खोलीत मागे कुठे तरी फळी करकरते. आपण मान वळवीत नाही, कारण हातातला कप्पा आता उघडतच आला आहे! या खेळांची सगळी युक्ती आम्हाला इथेच कळली. भीतीला हाताशी काहीतरी काम दिले की ती अर्धी होते. उरलेली अर्धी तोंडी लावायला पुरते.

दुसरा खेळ याहूनही गोड. 'स्ट्रेंज हॉर्टिकल्चर' असे त्याचे नाव, 2022 सालचा, इंग्लंडातल्या दोघा भावांनी केलेला. आपले झाडपाल्याचे दुकान असते. गिऱ्हाईक येते, कोणी झोप यावी म्हणून, कोणी धीर यावा म्हणून, आणि कोणी कशासाठी ते सांगत नाही, नुसते झाडाचे नाव सांगते. कुंड्यांवर नावे लिहिलेली नसतात. जाड ग्रंथ उघडून पानाची कड, फुलाचा रंग, वास ताडून पाहायचे आणि मग झाड द्यायचे. चूक झाली तर मनावर धास्ती चढते, आणि धास्ती फार चढली तर एक लहानसे कोडे सोडवून चित्त ठिकाणावर आणायचे, शिक्षा एवढीच. एकीकडे गावाच्या आसपास काही अघोरी प्रकार चाललेला आहे याच्या खुणा पत्रांतून येत राहतात. दुकानात एक काळे मांजर आहे. त्याचे नाव हेलेबोर, म्हणजे एका विषारी फुलझाडाचे नाव. कथानकात त्याला काही काम नाही. त्याला कुरवाळले की ते घुरघुरते, बस्स. आमच्या मते खेळाचे मर्म त्या मांजरात आहे. गावात काळे काहीतरी फिरते आहे, पत्र अर्धे वाचून झाले आहे, आणि मध्येच आपण हात पुढे करून मांजर कुरवाळतो. वॉर्डात बिकट रात्र असली की आम्ही असेच मध्येच जाऊन एखाद्या झोपलेल्या म्हाताऱ्याचे पांघरूण सारखे करून येत असू. त्याला त्याची गरज नसे, आम्हाला असे.

आता हे सारे आम्हाला नवे वाटायला हवे होते, पण वाटले नाही. याचे कारण आमची आजी.

मे महिन्याच्या सुटीत आम्हा भावंडांची रवानगी रेवदंड्याला होई. घाणा केव्हाच बंद पडलेला, त्याचे लाकूड मागील दारी उन्हापावसात पडलेले. रात्री ओटीवर कंदील, त्याच्यापलीकडे वाडी, आणि वाडीत माडांच्या झावळ्यांची सळसळ. सगळी मुले एका गोधडीत. आजी भुताची गोष्ट सांगे, पण सरळ कधीच सांगत नसे. रहाटाच्या खांबाशी बाई उभी आहे, पदर ओला आहे, पण वाटेवर पाण्याचा थेंब नाही. इथवर येऊन आजी थांबे आणि विचारी, "सांगा आता, ती कुठून आली?" उत्तर मिळाल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नसे. कोणी म्हणे विहिरीतून, कोणी म्हणे झाडावरून. भीतीने पाय पोटाशी घेतलेली ती मुले डोके मात्र चालवीत असत. चुकीचे उत्तर आले तर आजी रागावत नसे. ओल्या पदराकडे पुन्हा बघा म्हणे. टॅबवरचे खेळ याहून निराळे काय करतात?

आजीचीही ही विद्या स्वतःची नव्हे. वेताळ पंचविशी काय आहे? स्मशानातली काळी रात्र, राजाच्या खांद्यावर प्रेत, प्रेतात वेताळ, आणि वेताळ सांगतो गोष्ट. गोष्टीच्या शेवटी कोडे. उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याची शकले होतील. बोललास तर मौन मोडले, आणि वेताळ पुन्हा झाडावर. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने आपल्या कथासरित्सागरात या कथा गुंफल्या, आणि आमच्या लहानपणी 'चांदोबा' मासिकात तोच वेताळ महिन्याच्या महिन्याला त्याच झाडावर जाऊन लटके. आम्ही कधी घाबरलो नाही. राजा पुन्हा जाणार, पुन्हा प्रेत खांद्यावर घेणार, हे ठरलेले असे. त्या ठरलेपणातच ऊब होती. पुढे ग्रंथालयातून बाबूराव अर्नाळकर आणले, नारायण धारप आणले, रत्नाकर मतकरी आणले. धारप वाचल्यावर मात्र न्हाणीघरात जाताना धाकट्या बहिणीला दाराबाहेर उभे करावे लागे!

आयर्लंडला आल्यावर आम्हाला वाटले होते की ही शिदोरी आता निकामी. झाले उलटेच. आमच्या कोकणात चकवा असतो. माणूस ओळखीच्या रानात रात्रभर चालतो आणि उजाडते तेव्हा निघालेल्या ठिकाणीच असतो. आजी सांगे, अशा वेळी चालू नये, खाली बसावे, उजाडायची वाट पाहावी. इथे पश्चिम आयर्लंडात एका आजीबाईंचे पायाचे बँडेज बदलता बदलता त्यांनी आम्हाला 'स्ट्रे सॉड' सांगितले. आयरिश भाषेत त्याला फोईजीन मारी की असेच काही म्हणतात. आमचा उच्चार ऐकून त्या बाई हसत. शेतातल्या गवताच्या एखाद्या ढेकळावर पाय पडला की आपल्याच शेताचे फाटक सापडेनासे होते. यावर उतारा म्हणजे अंगातला कोट काढून उलटा घालायचा. आम्ही त्यांना चकवा सांगितला. त्या क्षणभर गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याकडेही आहे तर." इथल्या वास्तव्यात आम्हाला घरचे वाटले असे जे मोजके प्रसंग घडले त्यांतला हा एक.

या देशाने आपली भुते जपून ठेवली आहेत. 1937 ते 1939 या काळात येथील सुमारे 5,000 प्राथमिक शाळांतील मुलांना वह्या देऊन आजीआजोबांकडच्या गोष्टी लिहून आणायला लावले. ते कागद आजही नीट सांभाळलेले आहेत. 1999 साली क्लेअर काउंटीत लाटून येथे हमरस्ता व्हायचा होता, तेव्हा एडी लेनिहन नावाच्या कथाकाराने तेथील एका काटेरी झुडपासाठी आवाज उठविला. ते परीलोकांचे झुडूप, तोडू नये. आणि खरोखरच ते राखून रस्ता झाला. 31 ऑक्टोबरची रात्र, जिला जग हॅलोविन म्हणते, ती मुळात यांची साउन. मेयो काउंटीत टर्लो येथील राष्ट्रीय संग्रहालयात सलगम कोरून केलेल्या जुन्या भुताचा साचा ठेवला आहे. तो पाहिला की अमेरिकेचा भोपळा फारच सज्जन वाटू लागतो. पण त्याच रात्री घरोघरी मनुका घातलेला बार्मब्रॅक कापतात आणि आतली अंगठी कोणाच्या वाट्याला येते याची गंमत चालते. बाहेर मेलेले फिरताहेत आणि आत चहाबरोबर केक. आयरिश माणसाला ऊब आणि धास्ती एका ताटात वाढलेली चालते. आम्हा कोकण्यांनाही चालते.

म्हणूनच गेल्या वर्षी, 2025 सालच्या ऑक्टोबरात, 'द सेआन्स ऑफ ब्लेक मॅनर' हा खेळ आला तेव्हा लेकीच्या मागे लागून आम्ही तो तिच्या जुन्या संगणकावर घालून घेतला. स्पूकी डोअरवे या आयरिश मंडळींनी तो केला आहे. त्यांचाच 'द डार्कसाइड डिटेक्टिव्ह' 2017 साली आला होता, पण तो विनोदी अंगाचा. ब्लेक मॅनरचे तसे नाही. साल 1897. पश्चिम आयर्लंडात एका जुन्या वाड्याचे हॉटेल झालेले आहे. साउनच्या रात्री मृतात्म्यांना बोलावण्याची मोठी बैठक व्हायची आहे, तिच्यासाठी देशोदेशीचे मांत्रिक, अभ्यासक, हौशी असे पाहुणे जमले आहेत, आणि एव्हलिन डीन नावाची बाई नाहीशी झाली आहे. तिचा शोध घ्यायला आलेला डेक्लन वॉर्ड हा गुप्तहेर म्हणजे आपण. साल उगीच निवडलेले नसावे. डब्लिनच्या क्लॉन्टार्फमध्ये जन्मलेल्या ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' 1897 चीच. त्याच उन्हाळ्यात कवी येट्स आमच्या गॉलवे काउंटीतल्या कूल येथे लेडी ग्रेगरींकडे राहून झोपडी-झोपडीतून परीलोकांच्या गोष्टी गोळा करीत होते.

आता कोणी वाचक म्हणेल, मृतांना बोलावणे हे आपल्याला वर्ज्य, मग हा खेळ कसा? प्रश्न रास्त आहे. पण पहिल्या शमुवेलाचा अठ्ठाविसावा अध्याय काढून पाहा. शौल राजाने स्वतःच अशा लोकांना देशाबाहेर घालविले होते, आणि लढाईच्या आदल्या रात्री तोच वेष पालटून एनदोरच्या बाईकडे गेला. शमुवेल वर आला आणि जे सांगायचे ते सांगून गेला. त्यापुढचे मात्र आपण नीट वाचत नाही. राजा दिवसभराचा उपाशी, भीतीने भुईवर आडवा पडलेला. ती बाई त्याला म्हणते की चार घास खा. घरातले पोसलेले वासरू कापते, पीठ मळते, भाकरी भाजते, आणि राजा पलंगावर बसून जेवतो. आम्ही लहानपणापासून ही कथा ऐकत आलो, पण त्या भाकरीकडे आमचे लक्ष या खेळांमुळे गेले. रात्रपाळीच्या बाईला ती एनदोरची बाई ओळखीची वाटते. वाईट बातमी सांगून झाल्यावर नातेवाइकांना चहा देणारे कोणीतरी लागतेच.

ब्लेक मॅनरमध्ये एक गोष्ट अशी आहे की जिच्यासाठी आम्ही तो खेळ दोनदा खेळलो. त्यातले घड्याळ. आपण वाड्यातून नुसते फिरलो, जिन्यावर उभे राहिलो, खिडकीतून पाऊस पाहिला, तर ते पुढे सरकत नाही. एखादी वस्तू तपासली, कोणाला काही विचारले, की मिनिटे खर्च होतात. वेळ तुटपुंजा आहे, पण तो तुमच्या हातात आहे. विचार करायला लागलेला वेळ हिशेबात धरत नाहीत.

इथल्या खेड्यांत मरण झाले की घरातले घड्याळ थांबविण्याची आणि आरसे झाकण्याची जुनी चाल आहे. यजमान गेले त्या संध्याकाळी आरसे आम्ही झाकले, तो आपलाही रिवाज. समोरच्या घरातली शेजारीण आली, तिने कोणाला न विचारता खुर्ची ओढली, तिच्यावर चढून स्वयंपाकघरातले घड्याळ बंद केले आणि मग बसून रडली. आम्ही पुसले नाही, तिने सांगितले नाही. आमच्या हातून त्या चाळीस वर्षांत शेकडो माणसे गेली असतील. तेव्हा आमचे पहिले काम म्हणजे मनगटावरचे घड्याळ पाहून वेळ लिहिणे. वॉर्डातले घड्याळ कोणासाठी थांबत नाही. पहाटे साडेतीनला नाडी बुडू लागली की डॉक्टरला फोन, सलाइन, ऑक्सिजन, आणि डोक्यात एकच विचार की काहीतरी आपल्या नजरेतून सुटते आहे. एक तरुण शेतकरी आम्हाला अजून आठवतो. ताप कशाचा ते कोणाला कळले नाही. पाच दिवसांत गेला. आम्ही त्याच्याजवळची खिडकी उघडली, कारण इथल्या नर्सेस तसे करतात, आत्म्याला वाट द्यावी म्हणून. ओव्हर दिला आणि घरी आलो. त्याचा चार्ट मनात किती वेळा उघडला असेल! त्याला चोरकप्पा नव्हता.

ब्लेक मॅनरमधले पाहुणे एकेक आपले गुपित घेऊन आलेले असतात. नर्सिंगच्या दिवसांत आम्ही अशा मंडळींना हसलो असतो. यजमान गेल्यावरच्या हिवाळ्यात मात्र, गॉलवेला चारच्या सुमारास अंधार पडत होता तेव्हा, कोणी आम्हाला त्या टेबलाभोवती बसायला बोलावले असते तर बसलो नसतो असे छातीठोकपणे सांगवत नाही. कोणी बोलावले नाही. त्याऐवजी हे खेळ आले. यात मेलेला माणूस परत येईल असे कोणी म्हणत नाही. एक बाई का नाहीशी झाली ते हळूहळू, दिव्याच्या उजेडात, चुकत-माकत समजून घेता येते, आणि घड्याळ थांबून राहते. जगात असे होत नाही हे आम्हाला कोणी शिकवायला नको. म्हणूनच एक तासभर तसे झालेले बरे वाटते. लेकीने विचारले होते ना, झोप कशी लागते? अशी लागते.

सगळेच खेळ या लायकीचे नाहीत. काही अचानक किंचाळणारा मुखवटा तोंडापुढे आणतात. ते भय नव्हे, ती धक्काबुक्की. आमच्या वयात छातीसाठीही ते बरे नाही. काही खेळ फुकट म्हणून घरात शिरतात आणि कोडे अडले की इशाऱ्याचे पैसे मागतात, अशांना दाराबाहेरच ठेवावे. काहींत अक्षर इतके बारीक की कोडे सोडविण्याआधी चष्मा बदलावा लागतो. ज्या वाचकांना करून पाहायचे असेल त्यांनी 'द रूम'पासून आरंभ करावा. तो फोनवरही चालतो, अडलात तर थोड्या वेळाने स्वतःच इशारा देतो, आणि इंग्रजी फार लागत नाही.

ठाण्याची आमची धाकटी बहीण, जी पूर्वी न्हाणीघराबाहेर उभी राहत असे, तिला आम्ही तो घ्यायला लावला. इथे संध्याकाळचे पाच वाजले की तिच्याकडे साडेदहा होतात. सुना-नातवंडे निजली की ती फोन लावते आणि आम्ही दोघी एकाच पेटीपुढे बसतो, ती तिच्या घरी, आम्ही आमच्या. कालपासून ती एका चौकोनी कप्प्यावर अडली आहे. आम्हाला तो कसा उघडतो ते ठाऊक आहे. "ताई, सांगायचे नाही हं," ती सारखी बजावते. आम्ही सांगत नाही. पेटीच्या डाव्या बाजूला पुन्हा एकदा बघ, एवढेच म्हणतो. ती म्हणते, बघितले, तिथे काही नाही. मग बराच वेळ दोघीही गप्प, फोनमध्ये तिच्या पंख्याचा आवाज, इकडे काचेवर पाऊस.